दोरी बायसाठी, साखळी माणसांसाठी

केणेदादांनी मला आयुष्यात एकदाच मारलं. उलट्या हाताने, भर गल्लीत, माझ्या बहिणीच्या आणि तिच्या सगळ्या शेजाऱ्यांच्या देखत. खालचा ओठ दातावर आपटून आतून फाटला. जखम भरली, पण तिथे एक बारीकशी गाठ राहिली आहे आणि जेवताना ती अजून जिभेला लागते. त्यांच्यावर लिहायचं कितीतरी दिवस मनात होतं. दर वेळी त्यांच्या चांगुलपणापासून सुरुवात करायला जायचो आणि दोन ओळींत अडकायचो. केणेदादा चांगले होते, एवढं म्हणून भागत नाही. सुरुवात त्या फटक्यापासूनच करायला हवी होती, हे आता कळतंय.

जनार्दन केणे पोलिसांच्या श्वान पथकात हवालदार होते. कोपरला आमच्या इमारतीत, आमच्या समोरच्याच दारात राहायचे. मूळचे खाडीकाठच्या गावातले आगरी, वडील मिठागरावर राबलेले. उंची बेताची, मान जाड, आवाज गाडीच्या भोंग्यासारखा. डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. ती पथकातल्या पहिल्या कुत्र्याने तोडली असं ते सांगायचे. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, आतून ओरडून सांगायच्या की हळदीतल्या मारामारीत गेली, कुत्र्याचं नाव खराब करू नका.

त्यांच्या खांद्यावर नेहमी एक साखळी असायची. जाड कड्यांची, चांगली दोन-तीन हात लांब, गंज पुसून काळी केलेली. आम्हा सगळ्यांना वाटायचं, ती कुत्रीची. एकदा जिन्यात मी तसं म्हणालो, तर हसले. कुत्रीला साखळी लावली तर ती मालकाकडे बघते, वासाकडे बघत नाही, असं त्यांनी सांगितलं. मागावर जाताना तिला लांब सुती दोरी. साखळी कशाला, तर मागून येणाऱ्या गर्दीसाठी.

"दोरी बायसाठी," ते म्हणाले, "साखळी माणसांसाठी."

बाय म्हणजे त्यांची कुत्री. डॉबरमन जातीची, तपकिरी, कागदोपत्री नाव डायना. घरच्या मुलीला हाक मारावी तसं ते तिला 'बाय' म्हणायचे. सुट्टीच्या दिवशीही तिच्या अंघोळीसाठी पथकाच्या कुत्राघरात जायचे. वहिनींची तक्रार होती की लग्नानंतर आपल्याला त्यांनी एवढ्या वेळा जत्रेला नेलेलं नाही.

दुसरी खूण म्हणजे त्यांचा चुरगळलेला गणवेश. इस्त्री कधीच नसायची. त्यावरून वरिष्ठांची बोलणी खायचे, एकदा परेडमधून बाहेर काढलं होतं. पण कोळशाच्या इस्त्रीचा वास कपड्यात बसतो, खळीचा बसतो, इस्त्रीवाल्याच्या हाताचा बसतो, मग त्या कपड्यात माणूस उरतो कुठे, असं त्यांचं म्हणणं. वास हा त्यांचा धर्म होता. बाजारात पापलेट घ्यायचं तर कोळणीसमोर बसून कल्ल्यात नाक घालायचे. कोळणी शिव्या द्यायच्या, "आरं भाड्या, मुका घेतंस क मासलीचा?" तेही तेवढ्याच जोरात परत द्यायचे. माझी बायको कधी वाटीतून काही पाठवायची, तर वाटी आधी नाकाला, मग तोंडाला.

कामावर असताना कुत्रीला कपडा हुंगवायच्या आधी ते तो स्वतः हुंगायचे. ही सक्ती कोणी घातलेली नव्हती, त्यांनी स्वतःच घालून घेतली होती. हरवलेल्याच्या घरी गेले की पहिलं वाक्य ठरलेलं. बाकी वेळी ते आमच्यासारखंच बोलायचे, पण हे वाक्य त्यांच्या बोलीत यायचं: "मलका कपरा द्या. धुतलेला नको."

लोकांना ते जमायचं नाही. घरात पोलीस आलेत, चार माणसं बघतायत, त्यांच्यापुढे मळका कपडा कसा ठेवायचा? आया कपाटातला चांगला ड्रेस काढून आणायच्या. बायका नवऱ्याचा ठेवणीतला शर्ट आणायच्या. केणेदादा तो नाकाला लावून परत करायचे. पुन्हा आणायला लावायचे, आणि कधी कधी इतकं टाकून बोलायचे की मुळात रडणारं घर अजून रडायचं.

वर्तमानपत्रात बातमी यायची की श्वान रेल्वे स्थानकापर्यंत जाऊन घुटमळले. ती वाचून इमारतीतली मुलं त्यांना चिडवायची. ते शांतपणे म्हणायचे की माणूस गाडीत बसून गेला, तर बाय काय तिकीट काढणार आहे? कुत्रीकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही, याबद्दल त्यांच्या मनात कधी गोंधळ नव्हता. गोंधळ बघणाऱ्यांचा असायचा. टिटवाळ्याच्या बाईची गोष्ट ते त्यासाठीच सांगायचे.

टिटवाळ्याला नव्या इमारतींच्या कामावर पाणी मारणारी एक बाई नाहीशी झाली होती. नवऱ्याने तक्रार दिली. केणेदादा बायला घेऊन गेले, तिला बाईचं नेसूचं लुगडं दिलं. बाय झोपडीभोवती दोन फेऱ्या मारून आली आणि नवऱ्याच्या पायाशी बसली. बघणाऱ्यांच्या तोंडून एकदम 'हा' असा आवाज निघाला. केणेदादांनी तिथल्या अधिकाऱ्याला समजावलं की एकाच दोरीवरचे कपडे, एकच अंथरूण, बाईचा वास नवऱ्याच्या अंगावर असणारच, यात काही नाही. अधिकाऱ्याने ऐकून घेतलं आणि नवऱ्याला गाडीत घातलं.

रात्रभर त्याच्या तळव्यांवर पट्टा चालला. पायाच्या अंगठ्याचं नख निघालं. पहाटे त्याने कबूल केलं की आपण बायकोला मारून काळू नदीत टाकलं. सकाळी केणेदादा कोणालाही न विचारता बायला घेऊन परत गेले. झोपडीपासून नाही, बाई ज्या पिंपातून पाणी काढायची तिथून त्यांनी तिला सोडलं. बाय अर्धवट बांधलेल्या इमारतीत शिरली आणि लिफ्टच्या खड्ड्याच्या काठावर उभी राहून रडल्यासारखा आवाज काढू लागली. खाली साचलेल्या पाण्यात, सिमेंटच्या गोण्यांखाली बाई होती. डोकं फावड्याने फोडलेलं. कानांच्या पाळ्या तुटलेल्या, कारण कानातलं ओढून काढलं होतं. ते कानातलं कामावरच्या मुकादमाकडे निघालं.

गोष्ट इथे संपत नसे. केणेदादा पुढचं सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज खाली यायचा. नवऱ्याला सोडलं, तर तो जाईचना. त्याला पटेना की आपण मारलं नाही. तो म्हणत राहिला, साहेब, मी कबूल केलंय.

"बायनं वास दाखवला," केणेदादा म्हणायचे. "बाकीचं त्याच्या अंगावर यांनी लिहिलं."

अशा माणसाच्या शेजारी मी अकरा-बारा वर्षं राहिलो. ठाण्याला एका गोदामात मी नोकरी करतो. संध्याकाळी घरी आलो की जिन्यात ते भेटायचे, आणि या गोष्टी मी इतक्या ऐकल्या होत्या की त्यांच्या जागी मीच सांगू शकलो असतो. त्यांतली एक मात्र मला नेहमी अस्वस्थ करायची.

डोंबिवली पूर्वेच्या एका चांगल्या घरातले आजोबा घर सोडून गेले. त्यांना विसरायला होत असे. मुलाने वडिलांचा शर्ट दिला. तो धुऊन, कपाटात डांबराच्या गोळ्यांत ठेवलेला. केणेदादांनी दुसरा मागितला. घरात कामवाली सकाळीच कपडे धुऊन गेलेली. मुलगा हुज्जत घालू लागला, की तुमच्या कुत्र्याला एवढं कळत नसेल तर सरकार त्याला पोसतं कशाला? केणेदादा दोरी गुंडाळून परत आले. दुसऱ्या दिवशी आजोबा रुळांपलीकडच्या नाल्यात मिळाले, मेलेले. मुलगा पथकाच्या कचेरीत येऊन केणेदादांच्या अंगावर धावून गेला, शर्टाची बटणं तोडली. केणेदादा हात खाली सोडून उभे राहिले.

मी त्यांना विचारलं होतं की तसाच शर्ट हुंगवून बघायला काय हरकत होती. ते म्हणाले, खोटा वास दिला तर बाय खोटं बोलत नाही, ती खरंच कुठेतरी जाते. ती जिथे जाईल तिथे कोणीतरी राहत असतो.

हे वाक्य मला तेव्हा समजलं नाही. मला फक्त एवढं लक्षात राहिलं, की कपडा पसंत पडला नाही तर हा माणूस परत जातो.

माझी धाकटी बहीण वैशाली दिव्याला राहते. दाटीवाटीच्या इमारती, अरुंद गल्ली, पाणी चार-पाच दिवसांनी येणार आणि तेही कधी येईल याचा नेम नाही. तिची मुलगी स्वरा तेव्हा पाचवीत होती. एका शनिवारी दुपारी संतोषरावांनी, म्हणजे वैशालीच्या नवऱ्याने, मोबाइलची काच फुटली म्हणून स्वराला मारलं. पट्ट्याने मारलं. वैशाली मधे पडली तर तिलाही दोन बसले. थोड्या वेळाने बघितलं तर स्वरा घरात नव्हती.

वैशालीचा फोन आला तेव्हा मी गोदामात होतो. माझी बायको कोपरहून तशीच निघाली. मी ठाण्याहून दिव्याला पोहोचलो तोवर गल्ली पालथी घालून झाली होती, टाक्या बघून झाल्या होत्या, आणि लोकांच्या बोलण्यात ते शब्द यायला लागले होते जे अशा वेळी येतात. पोलीस चौकीतून एक फौजदार आले होते. मी केणेदादांना फोन केला. त्यांनी रीतसर मार्ग कसा लावला ते मला माहीत नाही, पण संध्याकाळी पथकाची गाडी आली. बाय उडी मारून उतरली आणि तिच्यामागे केणेदादा, दोरी हातात, साखळी खांद्यावर.

ते यायच्या आधी मी वैशालीला सांगून ठेवलं होतं की स्वराचा मळका कपडा काढ. ती माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. त्या दिवशी सकाळी पाणी आलं होतं. चार दिवसांनी पाणी आलं की दिव्यात बायका दुसरं काहीही करत नाहीत. तिने घरातली झाडून सगळी धुणी काढली होती. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, स्वराचे सगळे फ्रॉक. पूर्ण गॅलरी ओल्या कपड्यांनी भरली होती. कोरडा होता तो फक्त शाळेचा निळा फ्रॉक, गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या इस्त्रीवाल्याकडून दुपारीच आलेला, कागदात बांधलेला.

मी तो कागदातून काढला. घडी मोडली. मुठीत धरून चुरगळला. आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातला.

स्वराचे शाळेचे बूट दारातच पडले होते. आत न धुतलेले मोजे कोंबलेले. ते मला नंतर दिसले. आता रोज दिसतात.

केणेदादा जिना चढून आले. वैशालीच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून पिशवी घेतली आणि विचारलं, "मलका हाय ना?"

"हो," मी म्हणालो. "कालचाच."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, आता पिशवी नाकाला लावणार. त्यांनी लावली नाही. अकरा-बारा वर्षं मी त्यांना प्रत्येक गोष्ट नाकाला लावताना पाहिलं होतं, त्या एका दिवशी त्यांनी लावली नाही. पिशवीचं तोंड सरळ बायच्या नाकापुढे उघडलं आणि मग पिशवी माझ्याकडे परत दिली.

बाय जिना उतरली. गल्लीत डावीकडे वळली, जराही न थांबता. तिच्यामागे केणेदादा, त्यांच्यामागे फौजदार, आणि मागे सगळी गल्ली. स्टेशनचा रस्ता उजवीकडे होता. बाय गल्लीच्या तोंडाशी गेली आणि इस्त्रीवाल्या बनवारीच्या टेबलासमोर बसली.

बनवारी चाळिशीचा, सडपातळ, बरीच वर्षं तिथेच बसणारा. तेव्हा तो कोणाची तरी पँट इस्त्री करत होता. कुत्री बघून घाबरला आणि दोन पावलं मागे गेला. तो मागे गेला, एवढंच पुरलं. कोणीतरी म्हणालं, हा तिला गुडिया म्हणायचा. दुसरं कोणी म्हणालं, गोळ्या द्यायचा. ती गोष्ट त्या गल्लीतल्या प्रत्येकाला आधीपासून माहीत होती. त्या क्षणापर्यंत ती चांगली गोष्ट होती.

बाय का बसली ते मला ती बसताक्षणी कळलं. हे मी इथे स्पष्ट लिहितो, कारण पुढे लोकांनी माझी समजूत काढताना असं धरलं की मला नंतर कळलं असेल. नाही. एक वाक्य बोलायचं होतं: हा फ्रॉक आज याच्याच हातून आलाय. ते तोंडात आलंही. पण त्याच वेळी मनात आलं, असेल का? कुत्री उगाच कशी बसेल? वास कशाचा हे मला माहीत होतं आणि तरीही मला वाटलं, असेल. दोन्ही एकाच डोक्यात, एकाच वेळी.

तेवढ्यात संतोषराव टेबलावरून पलीकडे गेले.

पहिला ठोसा बनवारीच्या घशावर बसला, त्यामुळे त्याला ओरडता आलं नाही. मग माणसं किती होती ते सांगता येणार नाही. फरशीचे तुकडे होते, नळाचा पाइप होता, एकाच्या हातात क्रिकेटचा स्टंप होता. बनवारीचा कान फाटून लोंबत होता. संतोषराव ओरडत होते, बोल, कुठे ठेवलीस? तो 'गुडिया, गुडिया' एवढंच म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी तो शब्द उच्चारला की मार वाढत होता. मग संतोषरावांनी त्याचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि निखाऱ्यांनी भरलेली ती जड इस्त्री त्यावर ठेवली. ठेवली आणि वरून जोर दिला.

त्या वासाबद्दल मी लिहिणार नाही.

केणेदादा गर्दीच्या धक्क्याने बाहेर फेकले गेले होते. मी त्यांना परत आत शिरताना पाहिलं. खांद्यावरची साखळी आता हातात होती आणि ती गोल फिरत होती. एकाचा खांदा मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. एकाचे पुढचे दात गेले. ते शिव्या देत नव्हते, फक्त साखळी फिरत होती आणि वाट होत होती. बाय त्यांच्यामागोमाग आत घुसली. पाइप हातात असलेल्याने तिच्या मागच्या पायावर घाव घातला. ती कोलमडली, तरी तिने त्याची पोटरी धरली. केणेदादा बनवारीपर्यंत पोहोचले आणि त्याच्या अंगावर आडवे पडले. त्यानंतरचे फटके त्यांच्या पाठीवर बसले. फौजदारांनी हवेत काठी फिरवायला तेव्हा सुरुवात केली.

हे सगळं थांबलं ते पथकाच्या गाडीच्या ड्रायव्हरमुळे. केणेदादांचा फोन गाडीत वाजत होता, म्हणून त्याने उचलला. तो पळत आला आणि ओरडून म्हणाला की मुलगी सापडली, केणेंच्या घरी आहे.

स्वरा दिवा स्टेशनवर जाऊन गाडीत बसली होती आणि कोपरला उतरली होती. मामाकडे. माझी बायको तेव्हा नेमकी दिव्याला निघालेली. दाराला कुलूप बघून स्वरा पायरीवर बसली, तर समोरच्या केणेवहिनींनी तिला आत घेतलं, भात आणि कोलंबीचं कालवण वाढलं, पाठीवरचे वळ बघून हळद लावली. केणेदादा पथकाच्या कचेरीतूनच परस्पर दिव्याला आले होते, त्यामुळे वहिनींना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांना वाटलं, मामी भाजीला गेली असेल, येईल. अंधार पडायला आला तेव्हा त्यांनी नवऱ्याला फोन केला.

इस्त्री उलटी पडली होती आणि निखारे रस्त्यावर धुमसत होते. केणेदादा उठले. त्यांच्या पाठीवर शर्ट फाटला होता. ते माझ्याजवळ आले, माझ्या हातातून ती पिशवी घेतली, फ्रॉक बाहेर काढला आणि नाकाला लावला. डोळे मिटले.

"इस्तरीचा हाय," ते म्हणाले.

आणि मला मारलं.

मग परत जाऊन त्यांनी बनवारीला लहान मुलासारखं दोन्ही हातांवर उचललं आणि गाडीत घातलं. बाय तीन पायांवर मागून गेली.

बनवारी वाचला. उजव्या हाताची बोटं तळव्याला चिकटल्यासारखी आत वळून राहिली. संतोषरावांसकट सहा जणांवर खटला उभा राहिला. केणेदादांवरही चौकशी लागली, खांदा मोडलेल्या माणसाने तक्रार केली होती. त्यांची साखळी मुद्देमालात जमा झाली ती परत मिळाली नाही. बायला पथकातून काढलं. तिला ते घरी घेऊन आले. वर्षभर ती लंगडत त्यांच्या दारात बसायची, आणि मी जिना चढलो की माझा हात हुंगायची, काही घडलंच नसल्यासारखी. ती गेली तेव्हा त्यांनी तिला गावाकडच्या बंद पडलेल्या मिठागराच्या बांधावर पुरलं.

त्या वर्षात ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी दोनदा दार वाजवलं. वहिनींनी चहा दिला, ते आतून आले नाहीत. बाकी सगळ्यांनी मला माफ केलं होतं. बायको म्हणायची, अशा वेळी माणसाचं डोकं चालत नाही. गोदामातले म्हणायचे, तुम्ही थोडंच मारलं? मला झोप लागत नव्हती आणि सगळे मला झोपवायला बघत होते.

केणेदादांच्या कोर्टातल्या साक्षीच्या आधी वैशाली त्यांच्याकडे गेली. मला बरोबर घेऊन गेली, आणि मी गेलो. ती त्यांच्या पाया पडली. वकिलाने तिला सांगितलं होतं की कुत्रीने बनवारीच्या अंगावर झेप घेतली, भुंकून दाखवून दिलं, एवढं केणे बोलले तर लोकांचा गैरसमज होणं साहजिक होतं असं म्हणता येईल. शिक्षा कमी होईल. स्वरा शाळेत जाते, तिच्या बापाचा विचार करा.

केणेदादांनी तिला उठवलं. म्हणाले, "बाय बसली होती, वैशाली. भुंकली नाही. मेलेल्या कुत्रीच्या तोंडात मी काही घालणार नाही."

माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. जिना ओलांडून घरी येताना मला एकच विचार सुटत नव्हता. कपड्याचं काय सांगतील?

कल्याणच्या कोर्टात मी मागच्या बाकावर बसलो होतो. केणेदादांचा गणवेश नेहमीसारखाच चुरगळलेला होता. बचावाच्या वकिलांनी विचारलं की कुत्री त्याच टेबलासमोर बसली ना? ते हो म्हणाले. मग तिने माणूस दाखवला, हे खरं ना? ते म्हणाले, कपड्यावर ज्याचा हात सगळ्यात ताजा होता, तो माणूस तिने दाखवला. ती बरोबर होती. वकील हसले आणि म्हणाले, कुत्री बरोबर, मग चुकलं कोण?



"पहिला मी," केणेदादा म्हणाले. "मी दर वेळी कपडा स्वतः हुंगतो. त्या दिवशी हुंगला नाही. देणारा ओळखीचा होता. मी त्याला विचारलं, मळका आहे ना? तो हो म्हणाला. ते खोटं होतं. तो आमच्या समोर राहतो." मग त्यांनी वळून हात केला. "तो मागे बसलाय."

सगळं कोर्ट मागे वळलं. पहिल्या रांगेत बसलेला बनवारीही वळला. तोपर्यंत त्याला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याला वाटत होतं, कुत्रीच चुकली. त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, माणूस नीट ओळखून घ्यावा तसं. मग परत पुढे वळला आणि ती वळलेली मूठ त्याने मांडीवर ठेवली.

माझं ते खोटं भर कोर्टात ऐकल्यावर वैशालीने माझ्याशी बोलणं सोडलं, ते आजतागायत. खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही.  पण त्या रात्री मला खूप दिवसांनी झोप लागली, एवढं सांगतो.

निवृत्तीनंतर केणेदादा फार जगले नाहीत. एका सकाळी चहा पिता पिता गेले. त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं. बनवारीने त्याच गल्लीच्या तोंडाशी पुन्हा टेबल मांडलंय, हे बायकोकडून कळलं होतं. एका रविवारी मी पिशवीत माझे दोन शर्ट घातले आणि दिव्याला गेलो. गल्लीच्या अलीकडे थांबलो. पुढे जाववेना.

टेबलापाशी बनवारी डाव्या हाताने इस्त्री फिरवत होता. उजव्या हाताने कापड ताणता येत नव्हतं, म्हणून समोर उभं राहून दुसरं कोणीतरी बाही दोन्ही हातांनी धरून ताणत होतं. अर्धी करंगळी मला लांबूनही ओळखू आली. खांद्यावर काही नव्हतं. एक बाही झाली, मग दुसरी. बनवारीने शर्टाची घडी घालून दिली. केणेदादांनी ती दोन्ही हातांत घेऊन नाकाला लावली आणि बराच वेळ तशीच धरली.

मग त्यांनी मान वर केली आणि मला पाहिलं. घडी काखेत धरून चालत माझ्यापर्यंत आले. माझ्या पिशवीत हात घातला, वरचा शर्ट काढला, आणि तिथेच, रस्त्यात, सावकाश हुंगला.

"धुतलेला हाय," ते म्हणाले. शर्ट परत पिशवीत ठेवला. "जा. दे त्याला."

आणि स्टेशनच्या दिशेने निघून गेले. अंगावरचा शर्ट चुरगळलेला, काखेत इस्त्रीचा. मी ते दिसेनासे होईपर्यंत थांबलो. मग पिशवी घेऊन टेबलाकडे चालू लागलो.